भावोजींची पिकलेली आवड

आमच्या भावोजींना तुम्ही दिवसा कधीही भेटायला गेलात, तर त्यांच्या तोंडात खिळे असणार. मी शिवी देत नाहीये, खरंच खिळे असतात. भावोजी सोफे भरतात. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने कापड ताणून धरलेलं, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. मूठभर बारीक खिळे गालात कोंबायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. हे इतक्या झपाट्याने चालतं की नवीन गिऱ्हाईक आ वासून बघत बसतं. आता तोंडात खिळे असताना बोलायची सोय नाही, एखादा पोटात गेला म्हणजे? म्हणून भावोजी बोलत नाहीत, गुणगुणतात. आणि आमचा अख्खा कारखाना त्या गुणगुणण्यावर चालतो.

कारखाना म्हणजे काय, तर एक लांबडी खोली. दाराशी भावोजी, त्यांचे लाकडी सांगाडे, काथ्या, स्प्रिंगा आणि फोमचे ढीग. मागच्या खिडकीशी शिलाई मशीनवर मी. मी त्यांची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. खोळी मी शिवते. चटपटीत गाणं सुरू झालं की समजायचं, खोळ हवी आहे, ऊठ. संथ काहीतरी चाललंय म्हणजे बस निवांत, अजून भरण चाललंय. एकच ओळ परत परत आली म्हणजे कुठेतरी चुकलंय आणि कबूल करायचं नाहीये. गाणं मध्येच तुटलं, की बोट चेचलं. गिऱ्हाइकांना यातलं काही कळत नाही. त्यांना वाटतं, माणूस काय रंगेल आहे.

त्यामुळे भावोजींची गाण्याची आवड कशी कशी बदलत गेली, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, खुद्द त्यांनाही नाही. आणि त्या बदलत्या आवडीपायी माझी ताई किती वर्षं आतल्या आत जळत राहिली, हेही मीच सांगू जाणे. म्हणून सांगते.

ताईचं लग्न जमलं तेच मुळी गाण्यावरून. आमच्या बाबांची आरामखुर्ची खचली होती, ती घरी येऊन भरून द्यायला भावोजी आले. मिसरूड फुटलेलं पोर, नुकतंच धंद्याला लागलेलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त बँडची गाणी. पहिल्या दिवशी त्यांनी खिळ्यांमागून असा काही धांगडधिंगा गुणगुणला, की बाबा वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. दुपारी ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि गायला लागली. नावाड्याची वाट बघणाऱ्या एका बाईचं जुनं गाणं होतं ते. ताईचा आवाज काय सांगू तुम्हाला. उंच, पातळ, स्वच्छ. दुसऱ्या ओळीत ते गाणं वर चढतं, तिथे गेली की फळीवरचे काचेचे पेले बारीक वाजायचे. खालच्या खोलीतला बँड एकदम बंद पडला. मी तिथेच पुस्तक पुढ्यात धरून बसले होते. हातोडी वर गेली होती ती वरच राहिली.

ती खुर्ची एका दिवसाचं काम. भावोजींनी त्याला किती दिवस लावले ते विचारू नका. संध्याकाळी ठोकलेले खिळे सकाळी येऊन काढायचे. कधी म्हणायचे कापड सुरकुतलं, कधी म्हणायचे भरण कमी पडलं. बाबा म्हणाले, खुर्ची भरतोय का राजवाडा बांधतोय हा? आईला मात्र काय ते उमगलं. तिने कपडे वाळत घालायचं काम माझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्ची तयार. मी गात नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मग आईने ताईला पुन्हा गच्चीवर पाठवून पाहिलं, तर खुर्ची पुन्हा उसवलेली. तेव्हा आईबाबा त्या पोराचं घरदार बघायला गेले.

लग्नानंतर भावोजींनी बँड सोडला तो सोडलाच. कारखान्यात रेडिओ आला. बासरी लागली की भावोजी डोळे मिटायचे, व्हायोलिन लागलं की मान हलवायचे, आणि कुणी उंच आवाजाची बाई गायला लागली की मला मशीन थांबवायला लावायचे. संध्याकाळी घरी गेले, हातपाय धुतले, की बाजूच्या खुर्चीत बसून ताईला म्हणायचे, ‘हं. होऊ दे.’ एवढंच. मग ताई ते नावाड्याचं गाणं म्हणायची. रोज तेच. मी एकदा विचारलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? तर म्हणाले, जेवायचा येतो का?

असं बरीच वर्षं चाललं. चाळिशी उलटून गेली आणि भावोजींची आवड बदलायला लागली.

आधी बासरी गेली. एके दिवशी रेडिओवर बासरी लागली असताना त्यांनी सुई फिरवली. मी म्हटलं, अहो, बासरी ना तुमची? त्यांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले, आणि हे ते फार मोठं काही सांगायचं असेल तरच करतात. म्हणाले, बासरी पोरकट वाटायला लागली आहे. मग व्हायोलिन गेलं, ते रडकं होतं म्हणे. मग झांजा गेल्या. मग बायकांची गाणी गेली, त्यांत खोली नव्हती. शेवटी एकच गायक उरला. त्याचा आवाज इतका जाड, की आमचे हे म्हणायचे, विहिरीत पडलेला रेडा बाहेर काढा म्हणून ओरडतोय. भावोजी मात्र त्याच्यापायी वेडे. त्याला ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, की इतकी वर्षं आपण काय ऐकत बसलो होतो!

बरं, आवडेनासं झालं तर गप्प बसावं. पण नाही. भावोजींनी त्यातून सिद्धांत काढला. माणसाची आवड पिकत जाते, म्हणायचे. लहानपणी पोराला साखर लागते, मोठेपणी बिनसाखरेचा चहाही गोड लागतो. तसं पोराला उंच सूर लागतात, मग माणूस हळूहळू खाली उतरतो, खोल जातो. जे गिऱ्हाईक येईल त्याला हे व्याख्यान. गिऱ्हाइकं माना डोलवायची, त्यांना सोफा वेळेवर हवा असायचा. मी मशीनवरून तिरकं बघायची. पण माझ्या बघण्याला तिथे कोण विचारतो?

आमचे हे म्हणजे माझा नवरा, तेही इथलेच. शेजारच्या गाळ्यात लोखंडी कपाटं बनवतात. मधली भिंत एकच. दिवसभर पत्रा ठोकणं चालतं, आणि ते असं चालतं की आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ आठवड्यातून एकदा सरळ करावं लागतं. ह्यांना कुठलंच गाणं कधी आवडलं नाही, त्यामुळे त्यांची आवड पिकली की कुजली, हे कुणाला कळलंच नाही.

आता ताईचं सांगते. एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. भावोजी बाहेर खुर्चीत, ताई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत होती. त्या दिवशी तिला लहर आली होती, त्यांनी म्हणायच्या आधीच तिने गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढला, चढून तिथे थांबला, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर भावोजींनी हात लांब करून रेडिओ लावला. आला की तो रेडा घरात! ताईने नळ बंद केला. भांडी पुसली, जागच्या जागी लावली, आणि त्या दिवसापासून तिने गाण्यासाठी तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, अगं, तूच तुझ्या तोंडाने विचार ना त्यांना. ताई म्हणजे आमच्या आईवर गेलेली, मोडेल पण वाकणार नाही. मला म्हणाली, ‘बासरी गेली, व्हायोलिन गेलं, बायकांची गाणी गेली. आता माझा नंबर लागला. त्याच्यात विचारायचं काय?’ आणि वर मला शपथ घातली, एक अक्षर त्यांच्याजवळ बोलशील तर याद राख. ती वाट बघत होती, ते एकदा तरी ‘हं, होऊ दे’ म्हणतील म्हणून. भावोजींनी पुढे कधी म्हटलं नाही. रोज हातपाय धुऊन ते त्याच खुर्चीत बसायचे, ताई चहा आणून ठेवायची, आणि दोघं मिळून रेडा ऐकायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण शपथ घातलेली.

मग ताईची नात मोठी झाली आणि शिकायला म्हणून आजी-आजोबांकडे येऊन राहिली. तिची गाणी म्हणजे धडधडधडधड. खिडक्यांची तावदानं हलायची, शेजारीपाजारी दार वाजवायचे, ताई डोकं बांधून पडायची. आणि भावोजी? भावोजी तिच्या खोलीत मांडी घालून मान हलवत बसलेले. नातीने मैत्रिणींना सांगून टाकलं, आमच्या आजोबांइतका मॉडर्न माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. भावोजींनी सिद्धांताला लगेच पुढचं पान जोडलं, आवड पूर्ण पिकली की म्हणे नुसता ताल उरतो. ताई मला म्हणाली, बघ, ही कालची पोर घरात आली नि यांना तिचं गाणं आवडलं.

हे सगळं उघडकीला आलं ते एका सोफ्यामुळे. कानाच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवीन दवाखाना काढला आणि पेशंटना बसायला लांब सोफा सांगितला. आम्ही तो नेऊन दिला. चार दिवसांत निरोप आला, सोफा वाजतो. माणूस बसला की चूं, उठला की चूं. सोफा परत आला. भावोजींनी त्यावर बसून पाहिलं, उड्या मारून पाहिलं, म्हणाले, काहीही वाजत नाही, बाई भलतीच नखरेल दिसते. मला तर चांगलं चूं ऐकू येत होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, तुझं मशीन वाजतंय, तेल घाल. मी मशीनला हातही लावला नव्हता. सोफा तसाच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला.

आता मात्र भावोजींचं डोकं फिरलं. दवाखान्यात जाऊन सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावतो म्हणाले. हा माणूस तिथे काय करून बसेल या धास्तीने मीही गेले. बाकांवर पेशंट बसलेले, सगळे कमी ऐकू येतं म्हणून आलेले. भावोजी मधोमध त्या सोफ्यावर धपकन बसले, उठले, पुन्हा बसले, आणि हात पसरून म्हणाले, सांगा, वाजतंय का काही? कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कानामागे हात धरला होता. ते म्हणाले, वाजतंय की. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

डॉक्टरीणबाई दारात उभं राहून सगळं बघत होत्या. सोफ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, काका, उद्या जरा घरचं कुणीतरी घेऊन याल का? सोफा राहू दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो, ताईसुद्धा. तपासणीची एक काचेची बंद खोली होती. भावोजींच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही काचेतून बघतोय. सुरुवातीला भावोजींनी भराभर बटण दाबलं, ऐटीत. मग थोडं सावकाश. मग ते नुसतेच बसून राहिले. बाई इकडे यंत्राच्या खुंट्या फिरवतायत, आणि आत भावोजी टाय लावायचाच बाकी असल्यासारखे ताठ, बटणावर अंगठा ठेवून. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच दार ढकललं, डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, बाई, पुढचं कधी सुरू करणार?

बाई म्हणाल्या, काका, झालं सगळं.

मग त्यांनी आम्हाला कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे चांगली सरळ, आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. म्हणाल्या, जाड आवाज यांना छान ऐकू येतात, बारीक आवाज गेलेत. आधी सगळ्यांत उंच सूर जातात, मग त्याच्या खालचे, हळूहळू, माणसाला पत्ताही लागत नाही. बासरी, व्हायोलिन, झांजा, स्प्रिंगेची चूं, आणि बायकांचे उंच आवाज. कामाच्या ठिकाणी फार ठोकाठोक असते का? भावोजी म्हणाले, माझी नाही हो, शेजारी कपाटं बनवतात. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. तिने विचारलं, ‘हे साधारण कधीपासून असेल?’

बाई म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार, पण बरीच वर्षं झाली असणार.

मला वाटलं, चला, सुटला गुंता. आता ताई हसेल, नाहीतर रडेल तरी. कसलं काय! घरी येताना रिकाम्या रस्त्यावर दोघं दोन कडांनी चालत होते आणि मध्ये मी. ताई चिडलेली, कारण इतकी वर्षं ती फुकटच गप्प बसली होती. भावोजी तिच्याहून चिडलेले, कारण त्यांची आवड पिकलीच नव्हती. म्हणाले, म्हणजे मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं काय सांगत होतो? मी म्हटलं, ते आम्हीही विचारत होतो. मग मात्र मला राहवलं नाही. शपथ गेली खड्ड्यात म्हटलं आणि भर रस्त्यात तोंड सोडलं. भावोजी, तुम्ही ताईला गा म्हणायचं का सोडलंत?

भावोजी थांबले. म्हणाले, ती मनापासून गात नव्हती. शेवटी शेवटी नुसते ओठ हलवायची, दुसरी ओळ आली की आवाजच नाही. मला वाटलं, कंटाळली असेल बिचारी. रोज रोज काय बळजबरी करायची? म्हणून सोडलं.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भराभर चालत पुढे निघून गेली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं, खरंच सांगते.

कानात घालायचं यंत्र आलं. पहिल्याच दिवशी भावोजींनी घर डोक्यावर घेतलं. वर्तमानपत्राची पानं वाजतात, नातीच्या चपला वाजतात, माझं मशीन तर किंचाळतं म्हणे. घरातल्या प्रत्येक सोफ्यावर बसून आले आणि डोक्याला हात लावला, सगळे चूं चूं करत होते. आमचे हे पलीकडे पत्रा ठोकायला लागले तेव्हा भावोजी भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, हा माणूस रोज असं करतो?

मग त्यांनी मोठ्या हौसेने रेडिओवर बासरी लावली. नातही येऊन बसली, मी मशीन थांबवलं. भावोजी ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचं तोंड आंबट झालं. शेवटी त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, टोचतं. व्हायोलिन लावलं, तेही टोचलं. त्यांची ती आवडती उंच आवाजाची बाई लावली. तीन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, हे मला आवडायचं? नक्की मलाच?

हे मी ताईला सांगणार नव्हते, पण नातीने सांगितलं. ताई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, म्हणजे तेव्हा ऐकू येत नव्हतं म्हणून नको, आणि आता ऐकू येतंय म्हणून नको. मी म्हटलं, अगं बाई, एकदा गाऊन तरी बघ. तर म्हणाली, ‘इतके दिवस निदान शंका होती. आता गायले आणि त्यांनी तसंच तोंड केलं, तर मी कुणाकडे बघू?’ ती घाबरली होती. माझी ताई, जी आयुष्यात कुणाला घाबरली नाही.

इकडे भावोजींनी गुणगुणणं बंद केलं. कोणतं गाणं आपलं नि कोणतं कानाचं, हेच त्यांना कळेना. आमचा कारखाना ठप्प. खोळ कधी हवी, भरण कधी झालं, मला काही पत्ता लागेना. दोनदा मी नुसतीच उठले आणि नुसतीच बसले. शेवटी विचार केला, या माणसाला काहीतरी जुनं काम द्यावं. बाबांची ती आरामखुर्ची बाबांच्या मागे माझ्याकडे आली होती, पुन्हा खचलेली. ती उचलून आणली आणि त्यांच्यापुढे टाकली. म्हटलं, भरा.

भावोजी त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग तोंडात खिळे भरले आणि कामाला लागले.

दुपार कलली. खुर्चीच्या पाठीवर वाकले की कापडाला कान लागायचा आणि यंत्र शिट्टी मारायचं. दोन-चारदा मारली तेव्हा त्यांनी ते वैतागून काढलं आणि खिळ्यांच्या डब्यात टाकलं. आणि मग, कितीतरी दिवसांनी, त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. नावाड्याचं गाणं! मी मशीनवरचा पाय उचलला. पहिली ओळ अगदी ठाकठीक. दुसरी ओळ वर चढायच्या जागी आली आणि भावोजी वर जायच्या ऐवजी खाली घसरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरले. तेच ते, परत परत. चुकतंय हे त्यांना कळत होतं, पण तिथे काय होतं ते आठवत नव्हतं. आठवणार कसं? कानांवर पडून जमाना झाला होता.

ताई चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तिसऱ्यांदा घसरलेलं तिने ऐकलं. चौथ्यांदा घसरल्यावर तिने कपबशी फोमच्या गठ्ठ्यावर ठेवली, इतकी जोरात की चहा सांडला.

‘असं नाहीये ते,’ ती म्हणाली, आणि ती ओळ गाऊन दाखवली.

मी दचकले. तो ताईचा आवाज नव्हता. म्हणजे ताईचाच होता, पण तो उंच, पातळ आवाज कुठेच नव्हता. जाडसर, खालचा, थोडा खरबरीत, एखाद्या धिप्पाड बाईचा असावा तसा. वर चढायच्या जागी तो चढला खरा, पण त्याची वरची जागाच खाली आली होती. इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा हे कुणाला माहीत असणार? ताई स्वतःच घाबरून मध्येच थांबली आणि तिने गळ्यावर हात ठेवला.

भावोजी वळले. एकेक करून तोंडातले खिळे तळहातावर काढले. शेवटचा काढला आणि म्हणाले, ‘थांबलीस का?’

‘यंत्र घाला आधी,’ ताई म्हणाली.

‘कशाला? ऐकू येतंय.’

‘आवाज पार खाली गेलाय माझा.’

‘कधीपासून?’

‘मला काय माहीत,’ ताई म्हणाली. ‘म्हटलंच कुठे?’

तिघांच्याही डोक्यात एकच हिशोब चालला होता. यंत्राची गरजच नव्हती. हिचा आवाज खाली येत येत यांना ऐकू येईल इतका खाली येऊन थांबला होता, कधीचा कोण जाणे, आणि ही मानिनी ओठ शिवून बसली होती, आणि हा शहाणा रेडा ऐकत बसला होता. मला रडू आलं. रागही आला. दोन्ही एकदम आलं, त्यामुळे धड काहीच करता आलं नाही.

भावोजींनी एक स्टूल पुढे ओढलं, त्यावरचा काथ्या झटकला आणि ताईपुढे ठेवलं. स्वतः अर्ध्या भरलेल्या खुर्चीच्या हातावर टेकले.

‘हं,’ ते म्हणाले. ‘होऊ दे.’

ताई बसली. तिने पहिल्यापासून गाणं सुरू केलं, आणि पलीकडे आमच्या ह्यांनी पत्रा ठोकायला घेतला. मी उठले, शेजारच्या गाळ्यात गेले आणि ह्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली. काय झालं, काय झालं म्हणून ते विचारत राहिले. मी म्हटलं, गप्प बसा. ते त्यांना बरोबर ऐकू गेलं.

परत आले तेव्हा गाणं संपत आलं होतं. संपलं. ताईने पदराने कपाळ पुसलं आणि कुठेतरी भलतीकडे बघत विचारलं, ‘आवडलं का?’

भावोजींनी मूठभर खिळे उचलले आणि तोंडात कोंबले. उत्तर नाही. ताईचा चेहरा उतरला. तिने कपबशी उचलली आणि निघून गेली. मी भावोजींना काय वाटेल ते बोलले, पण यंत्र डब्यात होतं आणि माझा आवाज अजून बारीक आहे. त्यांनी शांतपणे राहिलेले खिळे ठोकले, कापडाच्या कडा दुमडल्या, आणि दिवे लागायच्या सुमाराला बाबांची खुर्ची पुरी झाली. सुरेख झाली होती. एक सुरकुती नाही. मी ताईला जाताजाता सांगितलं, खुर्ची झाली, सकाळी येऊन बघ.

सकाळी आम्ही दोघी बरोबरच पोचलो. बघतो तर खुर्ची उघडीनागडी. कापड सोलून बाजूला घडी करून ठेवलेलं, भरण बाहेर, सगळे खिळे काढून डब्यात. शेजारी काल ताई बसली होती ते स्टूल, स्वच्छ पुसून. ताई दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, अहो, काल तर झाली होती ना?

भावोजींनी तोंडातले खिळे हातावर काढले. माझ्याकडे बघितलंच नाही, ताईकडे बघत म्हणाले, ‘कापड सुरकुतलं होतं.’

खुर्ची माझी आहे, आणि ती अजून तयार झालेली नाही.